पथ्य आणि पानातला भात

साखर सोडली की मधुमेहाचे पथ्य झाले, असा समज शहापूर-मुरबाडकडच्या खेड्यांत आम्हांस पदोपदी आढळतो. दोष लोकांचा नव्हे. रोगाच्या नावातच मध आहे! मग म्हातारा चहा बिनसाखरेचा पितो आणि दुपारी निःशंकपणे ताटभर भात जेवतो. भात गोड कुठे लागतो? पण पोटात त्याची साखरच होते. कोणी साखरेऐवजी गूळ घेतो; रक्ताला तो फरक कळत नाही. नाचणीची भाकरी बरी खरी, परंतु चार खाल्ल्या तर हिशेब बिघडलाच.

२०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला. ते सारे काही शहरांत नाहीत.

आपल्याकडे पथ्य म्हणजे ताप उतरेपर्यंत काही वर्ज्य करणे. येथे वर्ज्य थोडे, मोजमाप फार, आणि तेही जन्मभर. डॉक्टर ग्रॅम सांगतात. घरात असते पळी, आणि ती सुनेच्या हाती. सल्ला मात्र सासऱ्याला दिलेला! भातशेतीचा मुलूख, रेशनवरही तांदूळ. तेथे 'भात सोडा' कोण ऐकणार? दोन पळ्या भात कमी, तेवढी डाळ-भाजी जास्त, असे सुनेला सांगितले तर जमते.

धास्ती वाटते ती उपवासाची. काही गोळ्या रिकाम्या पोटी साखर फार उतरवतात. एका बाईंना असाच घाम फुटला, हातपाय कापू लागले. घरच्यांनी अंगारा लावला, पण साखर दिली नाही. ती वर्ज्य ना! शेजारच्या मास्तरांनी साखरपाणी पाजले, तेव्हा बाई उठून बसल्या.