ब्रेकची झीज आणि हमीचा कागद

(प्रवासी व्हॅनचालक-मालकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर इंधनाचे दर, विम्याचे हप्ते, परवान्यांचे प्रश्न असे मोठे विषय असताना ब्रेक पॅडसारख्या तळहाताएवढ्या वस्तूवर मी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु तुमच्यापैकी अनेकांनी जी गाऱ्हाणी सांगितली, त्यांत हाच विषय पुनःपुन्हा आला. नवी व्हॅन घ्यावी, कर्जाचे पाचसहा हप्तेही फिटलेले नसावेत आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पुढच्या चाकातून करकर ऐकू यावी. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी, तर पॅड संपले, डिस्कवर चरे पडले, असे निदान व्हावे. गाडी हमीच्या मुदतीत आहे असे म्हणावे, तर काउंटरवरच्या तरुणाने छापील पुस्तिका उघडून एका ओळीवर बोट ठेवावे. नेहमीच्या वापराने झिजणारे भाग हमीत येत नाहीत, अशा अर्थाची ती ओळ असते. मी येथे कोणत्याही एका कंपनीचे नाव घेत नाही, कारण ही ओळ बहुतेक सर्वांच्या पुस्तिकांत थोड्याफार शब्दभेदाने तीच आहे.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ब्रेक पॅड झिजण्यासाठीच केलेला असतो. तो झिजला नाही तर गाडी थांबणार नाही. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. प्रवाशांसह दीड टन वजनाची व्हॅन एवढी खाली आली म्हणजे सुमारे ७३ लाख जूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. शास्त्राची परिभाषा बाजूला ठेवली, तर हंडाभर, म्हणजे वीसबावीस लिटर, पाणी उकळी फुटेपर्यंत तापावे एवढी ती उष्णता आहे. तिचा काही भाग इंजिन आणि वारा खाऊन टाकतात. उरलेली सारी चार चाकांतील पॅड, लायनर, डिस्क आणि ड्रम यांच्या वाट्याला येते, आणि थांबताना गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे त्यातलाही मोठा हिस्सा पुढच्या दोन चाकांच्या. आपल्यातले जे बहाद्दर चार पैशांचे इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरतात, ते इंजिनाचा वाटा ब्रेकवर टाकतात. त्यांची तक्रार घेऊन मी कोणाच्या दारात जाणार नाही.

परंतु झीज आणि अकाली झीज या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि हमीच्या कागदाची सारी चलाखी हा भेद पुसून टाकण्यात आहे. एकाच चाकाचे आतले पॅड पत्र्यापर्यंत संपलेले आणि बाहेरचे निम्मे शिल्लक, असे जेव्हा दिसते, तेव्हा चालकाच्या पायाला दोष देता येत नाही. पाय दोन्ही पॅडना सारखाच दाबतो. तेथे बहुधा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना अडकलेल्या असतात, किंवा पिस्टन मागे येत नसतो, आणि पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहते. मागच्या ड्रममधले लायनर जवळजवळ कोरे आणि पुढचे पॅड संपलेले, असे आढळले तर मागच्या ब्रेकची आपोआप जुळणी करणारा भाग काम करतो की नाही, हे पाहावे लागते. तो अडला की मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत आणि पुढच्यांना दुहेरी काम पडते. पॅडचा मसालाच हलका असेल किंवा गाडीच्या पूर्ण भाराला डिस्क अपुरी असेल, तर तो आराखड्याचा दोष. यांतल्या कोणत्याही कारणाने पॅड संपले, तरी बिलावर एकच शब्द उमटतो: झीज.

हा निर्णय देतो कोण? ज्याला नवे पॅड विकायचे आहेत तोच. हमीतल्या दुरुस्तीचे पैसे विक्रेत्याला कंपनीकडे मागावे लागतात. हमीबाहेरच्या दुरुस्तीचे पैसे गाडी दाराबाहेर काढण्यापूर्वी ग्राहक मोजून देतो. फिर्यादीही तोच, न्यायाधीशही तोच आणि दंड वसूल करणाराही तोच, असे हे न्यायालय आहे. शिवाय जुने पॅड भंगारात टाकले की पुरावाही नाहीसा होतो.

येथे एक विषयांतर करतो. त्या बिलावर ‘लेबर’ या नावाने जी रक्कम लावलेली असते, ती लेबरला मिळते असा समज कोणी करून घेऊ नये. गाडीखाली वाकलेल्या त्या कामगाराचा दिवसाचा पगार आणि एका चाकाच्या कामाची आकारणी यांची तुलना एकदा त्याच्याशीच बोलून करून पाहा. तुमचा राग त्याच्यावर निघता कामा नये. तो तुमच्याच बाजूचा माणूस आहे. ड्रम उघडून हवेच्या झोताने धूळ उडवताना तो काय श्वासात घेतो, याचीही चौकशी करा. स्वस्त लायनरमध्ये पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस असे, आणि पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर आपल्या देशात अजून संपूर्ण बंदी नाही. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले. गल्लीतल्या गॅरेजपर्यंत ते वाक्य अद्याप पोहोचलेले नाही.

मग बाहेरच्या गॅरेजात काम का करून घेऊ नये? घेतले, तर हमी रद्द होईल, असा धाक घातला जातो. अमेरिका हा काही समाजवादी देश नव्हे; पण तेथेही १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्याने, विशिष्ट छापाचाच भाग वापरला पाहिजे अशी अट हमीला जोडण्यास मनाई केली. आपल्याकडे २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ न देता या कंपन्या आपल्याच गाडीच्या मालकाला बांधून ठेवतात, असा त्या आदेशाचा निष्कर्ष होता. कंपन्या अर्थातच त्याविरुद्ध अपिलात आणि न्यायालयांत गेल्या. मक्तेदारी म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवण्यापेक्षा हा आदेश वाचून दाखवणे मला अधिक उपयुक्त वाटते. गाडी घेताना दहा कंपन्यांतून निवड करणारा मनुष्य, गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी एकाच दुकानाचा बांधील होतो.

आणि व्हॅनच्या बाबतीत ही गोष्ट अधिक सलते. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन रस्त्यावर आली, तेव्हा त्या कंपनीत सरकारचे, म्हणजे तुमचेआमचे भांडवल होते. शाळेची मुले, रुग्ण, बाजाराचा माल असे सारे त्या प्रकारच्या गाडीने वाहिले. २००७ मध्ये सरकारने आपला उरलेला हिस्साही विकून टाकला. सार्वजनिक मालकी असती तर पॅड झिजले नसते, असे मी म्हणत नाही. पण ‘ही अट हमीपत्रात का?’ हा प्रश्न तेव्हा निदान लोकसभेत विचारता येत होता.

आता कायद्याकडे वळू. तुम्ही गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे, असे तुम्हाला सांगितले जाईल. ते खरे नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू धंदेवाईक हेतूची मानू नये, असे कायदा म्हणतो. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले: स्वतः गाडी चालवून पोट भरणारा तो ग्राहक, संपूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेणारा नव्हे. तेव्हा जो स्वतः चाकावर बसतो त्याला जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. मात्र २०१९ च्या कायद्यात एक काटा आहे. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, परंतु तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे. पॅडच्या जोडीसाठी प्रयोगशाळेचा खर्च आणि तारखांचे खाडे कोण सोसणार? एकटा मनुष्य हिशेब करतो, निमूटपणे बिल भरतो आणि घरी जातो. कंपनीचा हिशेबही नेमका यावरच बांधलेला असतो.

म्हणून त्याच कायद्याच्या ३५ व्या कलमाकडे मी तुमचे लक्ष वेधतो. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक जणांना आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते. अमेरिकेत अशाच सामूहिक दाव्यातून, मागचे पॅड अकाली झिजतात या तक्रारीवर २०१० मध्ये एका मोठ्या मोटार कंपनीला तडजोड करून गाडीमालकांच्या खर्चाचा काही भाग परत करणे भाग पडले. ‘झीज हमीत येत नाही’ ही ओळ तेथेही छापलेली होतीच. दुसरे असे, की मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेले आणि १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आलेले ११०-अ हे कलम, दोष धोकादायक असेल आणि गाडीमालकांच्या ठरावीक प्रमाणाने तो कळवला असेल, तर त्या नमुन्याच्या सर्व गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. ‘ठरावीक प्रमाण’ हे शब्द नीट ऐका. वाहतूक संघटनांनी वर्षानुवर्षे जे सांगितले ते कायद्याने स्वतःच्या तोंडाने म्हटले आहे: एकट्याची तक्रार ही कुरकुर, शेकड्यांची तक्रार हा दोष.

१९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीने हजारो स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले, तेव्हा तेल आणि साखरेचा दर हा राजकारणाचा विषय आहे काय, असे विचारणारे शहाणे होतेच. दुरुस्तीचा दर हाही दरच आहे. आपली मागणी पॅड फुकट मिळावेत अशी नाही. पूर्ण भाराने आणि घाटरस्त्यावर चालवल्यास पॅड किमान किती किलोमीटर टिकले पाहिजेत, हा आकडा हमीपत्रात छापावा. त्याआधी ते संपले तर चालकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा. आणि काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा, एवढेच आपण मागतो.

आजपासून कामाला लागायचे ते असे. यापुढे पॅड बदलाल तेव्हा जुने दोन्ही पॅड मागून घ्या. कोणते आतले, कोणते बाहेरचे, कोणत्या चाकाचे, गाडी किती किलोमीटर चालली, हे त्यांच्या पाठीवर रंगाने लिहा. जॉब कार्डावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत उतरल्याखेरीज सही करू नका. पुढच्या बैठकीला हे सारे पिशवीत घालून आणा; आपण नमुन्यानुसार वेगळे करून मोजू, आणि ज्या नमुन्याचा ढीग मोठा होईल त्याच्यापासून तक्रार सुरू करू.