मूठभर तांदूळ

उपासना हा शब्द कानांवर पडला म्हणजे मनासमोर प्रथम उभे राहते ते एखादे मंदिर, त्यातील घंटा, दीप आणि जमलेली माणसे. ख्रिस्ती उपासना म्हटली तर उंच मनोऱ्याचे चर्च, रविवारची सकाळ, बाकांवर बसलेले कुटुंब आणि सामुदायिक गायन हेच चित्र आपण रंगवितो. ते चित्र खोटे नाही. परंतु भारताच्या ईशान्य सीमेवरील एका डोंगराळ प्रदेशात उपासनेचा एक असा प्रकार शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे, की ज्याला चर्चची इमारत लागत नाही, पाळक लागत नाही, शब्दही फारसे लागत नाहीत. त्याला लागते ती फक्त चूल आणि तीवर चढविण्यासाठी काढलेला तांदूळ.

हा प्रदेश मिझोराम. इंग्रजी अमदानीत त्याला लुशाई टेकड्या म्हणत. एका बाजूला बांगलादेश, दुसऱ्या बाजूला म्यानमार आणि मध्ये दक्षिणोत्तर धावणाऱ्या डोंगरांच्या रांगा, अशी याची रचना. गावे वसतात ती डोंगरमाथ्यावर. पाणी असते ते खाली, दरीच्या अंगाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ११ लाख असून तीत शेकडा ८७ लोक ख्रिस्ती आहेत. या प्रदेशात ख्रिस्ती धर्माचा प्रवेश मात्र फार जुना नाही. लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन तरुण मिशनरी १८९४ च्या जानेवारीत येथे पोहोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शब्द गोळा केले, आणि चार वर्षे पुरी होण्याच्या आत ते निघून गेले. १८९७ साली वेल्समधून डी. ई. जोन्स आले. पहिल्या दोन मिझो माणसांचा बाप्तिस्मा १८९९ मध्ये झाला. त्यानंतर जेमतेम दहाएक वर्षांनी, १९१० च्या सुमारास, या लहानशा मंडळीत एक प्रथा सुरू झाली. मिझो भाषेत तिचे नाव ‘बुहफाइ थाम’. म्हणजे मूठभर तांदूळ.

प्रथा सांगायला दोन वाक्ये पुरतात. प्रत्येक वेळी स्वयंपाकाला बसताना शिजविण्यासाठी घेतलेल्या तांदळातून घरच्या स्त्रीने एक मूठ काढावी व ती वेगळ्या भांड्यात टाकावी. आठवड्याने मंडळीतील स्त्रियांनी घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करावा, तो विकावा, आणि आलेला पैसा देवाच्या कामी लावावा.

मराठी माणसाला यात अपरिचित असे काय आहे? मुष्टिदानाची कल्पना आपल्याकडे जुनीच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुलांच्या पोटात गेलेल्या भाकरीत खेड्यापाड्यांतील आयाबायांनी मुष्टिफंडासाठी बाजूला काढलेले धान्य होते. विनोबांनी सर्वोदय पात्राची कल्पना मांडली तेव्हा घरातील लहान मुलाच्या हाताने रोज एक मूठ धान्य टाकावे असे सांगितले. सावता माळी पंढरीला गेला नाही. त्याचा विठोबा त्याच्या मळ्यातच होता, असे आपली परंपरा सांगते. जनाबाईचे जाते तर सर्वश्रुत आहे. तेव्हा नित्याच्या कामातच उपासना साधण्याचा हा मार्ग आपल्या ओळखीचा आहे. तरी मिझो स्त्रीच्या त्या मुठीचे मोल नीट कळायला हवे असेल, तर तिच्या जुन्या जगात थोडे डोकावले पाहिजे.

ख्रिस्ती होण्यापूर्वीही मिझो लोक बळी देतच होते. घरात कोणी आजारी पडले की तो अरण्यातील भूतपिशाच्चांचा कोप समजला जाई आणि पुजारी सांगेल त्याप्रमाणे कोंबडे, डुक्कर, बकरे मारावे लागे. याहून मोठे बळी प्रतिष्ठेचे होते. जो पुरुष मोठमोठ्या मेजवान्या घालील, मिथुन नावाचा रानबैलासारखा मोलाचा पशू कापून साऱ्या गावाला जेवू घालील, किंवा ठरावीक जनावरांची शिकार करील, त्याला ‘थांगछुआह’ हे बिरुद मिळे. अशा पुरुषाला मरणोत्तर ‘पियालराल’ या सुखाच्या लोकी जागा मिळते अशी समजूत होती. आणि त्या लोकीचे सुख कोणते? तेथे कांडलेला, स्वच्छ तांदूळ आयता मिळतो!

या कल्पनेवर हसू येण्यापूर्वी थोडे थांबावे. ज्या समाजाने आपला स्वर्ग आयत्या तांदळाचा कल्पिला, त्या समाजात तांदूळ मिळविणे किती जिकिरीचे असेल? डोंगराचा उतार तोडायचा, वाळू द्यायचा, जाळायचा, त्या राखेत भात पेरायचे, पावसाळाभर तण काढायचे, आणि पीक कापून पाठीवरच्या टोपल्यांतून माथ्यावरच्या गावी वाहून आणायचे. एवढे झाले तरी घरात येते ते भात. त्याचा तांदूळ व्हायचा तो पहाटेच्या अंधारात, उखळात मुसळ घालून. आणि हे काम स्त्रीचे. ती कांडणार, ती पाखडणार, दरीतल्या झऱ्यावरून बांबूच्या नळ्यांत भरून पाणीही तीच वर आणणार. ‘बुहफाइ’ या शब्दाचा अर्थच मुळी कांडून साफ केलेला तांदूळ असा आहे. म्हणजे मुठीत जे पडते ते शेतातले भात नसते. तिच्या पहाटेच्या श्रमाने चुलीजवळ येऊन ठेपलेले अन्न, हंडीत पडायला एक क्षण उरला असताना, ती बाजूला काढते.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जुन्या मिझो रूढीनुसार घराचा वारसा धाकट्या मुलाकडे जाई. स्त्रीच्या हाती मालमत्ता अशी जवळजवळ नसे. रोख पैसा तर त्या काळी डोंगरात पुरुषांनाही दुर्मीळ होता. मंडळीच्या कामाला हातभार लावावा असे नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्त्रीला वाटले, तर तिने द्यायचे काय? मिथुन तिचा नव्हता, शेत तिचे नव्हते, पेटीत रुपया नव्हता. तिचा हात निर्विवादपणे चालत होता तो एकाच ठिकाणी, तांदळाच्या मापावर. तेथूनच तिने दिले. गावच्या सरदाराला प्रत्येक घराने भाताचा वाटा द्यावा लागे. त्याला ‘फाथांग’ म्हणत आणि तो चुकविणे सोपे नव्हते. या मुठीवर मात्र कोणाचा हुकूम चालत नव्हता. एके दिवशी ती काढली नाही, तर देवावाचून दुसऱ्या कोणाला कळणारही नव्हते.

पवित्र शास्त्रात या मुठीची नाती अनेक ठिकाणी सापडतात. जुन्या करारातील लेवीयाच्या पुस्तकात अन्नार्पणाचा विधी आहे. तेथे याजक पिठातून मूठभर भाग घेऊन वेदीवर जाळतो. सारफथच्या विधवेची कथा तर याहून जवळची. दुष्काळ पडलेला, मडक्यात शेवटचे मूठभर पीठ. ते भाजून आपण व मुलाने खावे आणि मरणाची वाट पाहावी असा तिचा विचार. तेवढ्यात एलीया संदेष्टा दाराशी येतो आणि आधी मला भाकर करून दे म्हणतो. ऐकणाऱ्याला त्याची मागणी निष्ठुर वाटावी अशीच आहे. आणि नव्या करारात मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणारी ती विधवा, जिच्याकडे येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, ती तर सर्वांना ठाऊक आहे. धनवानांनी आपल्या विपुलतेतून टाकले, तिने आपल्या उपजीविकेतून टाकले, हा त्या प्रसंगाचा मथितार्थ. मिझो स्त्रीला हे सारे समजावून सांगावे लागले असेल असे वाटत नाही. तांदळाची किंमत तिला कोणत्याही भाष्यकाराहून अधिक कळत होती.

आणि प्रथा रुजते न रुजते तोच परीक्षेची घडी आली. मिझोरामच्या डोंगरांवर एका जातीच्या बांबूची दाट बने आहेत. तो बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदाच, सर्वत्र एकाच सुमारास फुलतो, फळतो आणि मरून जातो. त्या फळांवर उंदरांची बेसुमार वीण होते. फळे संपली की त्यांच्या झुंडी भाताच्या शेतांवर आणि कोठारांवर तुटून पडतात. या संकटाला मिझो लोक ‘माउताम’ म्हणतात. १९११ साली बांबू फुलला. त्यापाठोपाठच्या दुष्काळात माणसे रानातील कंदमुळे खणून जगली, पुष्कळ जगलीही नाहीत. मूठ वेगळी काढण्याची सवय त्या वेळी एकदोन वर्षांचीच होती. ज्या घरी हंडीतच तांदूळ नाही त्या घरी मूठ कोठून येणार? तेव्हाच्या कित्येक चुलींपाशी ती भांडी रिकामी राहिली असतील आणि त्याबद्दल कोणी कोणाला दोष देऊ नये. नवल आहे ते एवढेच, की दुष्काळ सरला आणि प्रथा उरली. १९५९ साली बांबू पुन्हा फुलला, पुन्हा उपासमार झाली. त्या असंतोषातून पुढे १९६६ चे बंड उद्भवले. ऐजॉल शहरावर विमानांतून मारा झाला, गावेच्या गावे उठवून रस्त्यांच्या कडेला पहाऱ्यात वसविण्यात आली, शेते दूर राहिली. १९८६ च्या करारापर्यंत ही वीस वर्षे गेली. या सर्व काळातून मूठ वाचली.

ही मूठ एकट्याची असती तर तिचा बोलबाला झालाच नसता. मध्यम आकाराच्या मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम तांदूळ मावतो असे धरले, तर दिवसातून दोन वेळचे मिळून एका घरचे वर्षाकाठी तीस-पस्तीस किलो होतात. एका माणसाला दोनतीन महिने पुरतील इतके. गावातील साऱ्या घरांचे एकत्र आले की पोती भरतात. एका घरचा जाड तांदूळ, दुसऱ्या घरचा बारीक, कोणाचा नवा, कोणाचा जुना. विक्रीच्या वेळी कोणती मूठ कोणाची हे सांगता येत नाही. या पैशातून शिक्षक व उपदेशक यांना वेतन मिळाले, गरिबांना साहाय्य झाले, भारताच्या इतर भागांत मिझो मंडळीने आपले मिशनरी पाठविले. वेल्समधील शेतकरी व खाणकामगार यांच्या लहान लहान देणग्यांवर जे मिशन प्रथम या डोंगरात आले, त्याने लावलेली मंडळी अशा रीतीने स्वतःच्या तांदळावर उभी राहिली. १९६० नंतरच्या दशकाअखेरीस परदेशी मिशनरी निघून गेले तेव्हा ती कोसळली नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या मुठींना द्यावे लागेल. आज एकट्या प्रेसबिटेरियन मंडळीचे या मार्गाने येणारे वार्षिक उत्पन्न कोट्यवधी रुपयांचे आहे.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. मूठ गुप्त, पण बेरीज जाहीर! कोणत्या मंडळीने वर्षात किती तांदूळ जमविला याचे आकडे छापले जातात. आकडा आला की तुलना येते, तुलनेपाठोपाठ अभिमान येतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला न कळावे असे सांगणाऱ्या धर्मात हे कसे बसवायचे? शिवाय ज्या स्त्रियांच्या हातांनी मंडळीचे कोठार भरले त्यांना पाळकपदाची दीक्षा देण्यास तीच मंडळी दीर्घकाळ राजी झाली नाही. तांदूळ त्यांचा, व्यासपीठ पुरुषांचे. सेवा निमूट असते म्हणून तिची दखल न घेण्याची सोय होते, हे काही एकट्या मिझोरामचे वैशिष्ट्य नव्हे; आपल्याकडील देवळांच्या मुदपाकखान्यांत आणि मठांच्या भटारखान्यांतही हेच दिसेल.

काळही पालटला आहे. पुष्कळ घरांत आता उखळ राहिले नाही. गिरणीचा तांदूळ पोत्यातून येतो, बराचसा मैदानी मुलखातून. चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. ऐजॉलमधील पगारदार कुटुंबाला मूठभर तांदळाची झळ ती काय लागणार? दावीद राजाने, ज्याची मला किंमत पडली नाही असे अर्पण मी देवाला करणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढल्याची कथा शास्त्रात आहे. त्या कसोटीला आजची मूठ उतरते काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. याला एक उत्तर असे देता येईल: किंमत केवळ तांदळाची नसून आठवणीचीही असते. वर्षातून एकदा मोठी रक्कम देणारा उरलेले वर्ष विसरू शकतो. दिवसातून दोनदा, मूल रडत असता, कामावर जायची घाई असता, कोणाशी भांडण झाले असता, हात थांबवून एक मूठ वेगळी काढायची, हे पगारदार घरातही सोपे नाही. हे उत्तर पुरेसे आहे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांचे पोट हातावर आहे त्यांच्या घरी हा प्रश्न आजही उद्भवत नाही. तेथे मुठीइतका भात कमी शिजतो आणि तो नेमका कोणाच्या ताटातून कमी होतो, हे मंडळीच्या कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.

ठरलेल्या दिवशी मंडळीतील दोघीतिघी पोते घेऊन दाराशी येतात. फार बोलणे होत नाही. भांडे त्यांच्या पोत्यात उपडे होते, तळाशी चिकटलेले चार दाणे बोटाने सारून टाकले जातात, आणि त्या शेजारच्या घराकडे वळतात. संध्याकाळी पुन्हा तांदूळ मोजला जातो आणि पहिली मूठ त्या रिकाम्या भांड्यात पडते.