माळढोकाची मोजणी आणि आपली ज्वारी



शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं नान्नज आपल्याला ठाऊक आहे. माळढोक वाचवायचा म्हणून १९७९ साली सोलापूर-नगरची ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन अभयारण्य झाली. गावंच्या गावं त्यात गेली, जमिनीचे व्यवहार अडले. २०१२ मध्ये हद्द १,२२२ वर आणली. माळढोक वाढला का? आज तो तिथं क्वचितच दिसतो.

दोष कुणाचा? बोट दाखवायला शेतकरी आहेच! राजस्थानात मात्र डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेच्या माणसांनी विजेच्या तारांखालून चालत जाऊन मेलेले पक्षी मोजले. माळढोक जड, समोरचं त्याला कमी दिसतं, तारेवर आदळतो. बहुधा एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला ही मर सोसत नाही. हे मोजल्यामुळं कळलं.

आता आपलं. काळवीट, रानडुक्कर ज्वारी खातात. कुणी साड्या बांधतो, कुणी फटाके उडवतो. टिकतं काय? एकाच शिवारात सारखे दोन तुकडे धरा. एकात उपाय करा, दुसरा तसाच ठेवा. दर आठवड्याला खाल्लेली ताटं मोजून वहीत लिहा. महिन्याभरात जनावर साडीला सरावलं, तर तेही लिहा. उमरग्याच्या पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. त्या घेऊनच आपण वनखात्याकडं जाणार आहोत.