दारे अनेक, अंगण एक
(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी संमेलनात नारपोली येथे केलेले भाषण)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या आपल्या संस्थेच्या या मंगल प्रसंगी बोलण्याची संधी लाभली, हे मी माझे भाग्य समजतो. संस्थेच्या कार्याचा गौरव माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मी कापडाचा व्यापारी. दिवाळीला चोपडापूजनापूर्वी आम्ही जमाखर्च तपासतो. तसा आज आपल्या सदस्यसंख्येचा हिशेब मांडावा, असे मला वाटते.

आपल्या मासिक सभेत पंचवीस वर्षांपूर्वी जी मंडळी पुढच्या रांगेत बसत होती, तीच आजही बसते. जे दिवंगत झाले, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. "आजच्या मुलांना सेवेची आवड नाही," असे मीही अनेकदा म्हणालो आहे. ते म्हणणे चुकीचे होते, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

काही वर्षांपूर्वी सदस्य नोंदणीचे काम माझ्याकडे असताना एक तरुण पेढीवर आला. तो ठाण्यात नोकरीला होता. म्हणाला, "काका, आम्ही आठ-दहा मित्र आहोत. रविवारी आम्हाला काही काम द्या." मी त्याच्यासमोर वर्गणीचा अर्ज ठेवला आणि शुक्रवारच्या सभेला येण्यास सांगितले. भिवंडीच्या यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारची, म्हणून आपली सभाही शुक्रवारची. नोकरी करणाऱ्याने शुक्रवारी कसे यावे, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. तो पुन्हा आला नाही. पुढे मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात भिवंडी रोड स्थानकातून कारागिरांना घेऊन गोरखपूरची विशेष गाडी सुटली. त्या दिवसांत गावाकडे पायी निघालेल्या कारागिरांना अन्नपाणी देणाऱ्यांमध्ये तोच मुलगा मला रस्त्यावर दिसला. सेवाभाव होता, तरुणही होते. आपले दार मात्र त्यांच्यासाठी उघडे नव्हते.

ही अडचण केवळ आपली नाही. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे तीन मित्रांसह रोटरीचा आरंभ केला. सभा आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात होत, त्यावरून हे नाव पडले.  पुढे १९६२ मध्ये शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट आणि १९६८ मध्ये तरुणांसाठी रोटरॅक्ट हे वेगळे क्लब निघाले. स्त्रियांना सदस्यत्व मिळण्यास मात्र १९८९ साल उजाडावे लागले. २०१६ मध्ये बैठकांचे नियमही शिथिल झाले. शंभर वर्षांहून जुन्या संस्थेला बदलावेसे वाटते, तर पन्नास वर्षांच्या संस्थेने संकोच का करावा?

आपल्या समाजातही उदाहरणे आहेत. १९६५ मध्ये मुंबईत जैन सोशल ग्रुपची स्थापना झाली. कुटुंबांनी एकत्र यावे, स्नेह वाढावा आणि त्यातून सेवा घडावी, अशी त्याची रीत. १९८५ मध्ये श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी पुण्यात भारतीय जैन संघटनेचे कार्य सुरू केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोली येथे आणण्यात आले. एक वाट स्नेहाची, दुसरी कार्याची. दोन्ही वाटांनी माणसे आली.

आपल्या धर्मात वैयावच्च, म्हणजे सेवा, हे आभ्यंतर तप मानले आहे. तपाला पावती लागत नाही. म्हणून मी नम्रपणे सुचवितो की, आपल्या ट्रस्टच्या छत्राखाली निरनिराळे सेवागट सुरू करावेत. पहाटे साधू-साध्वीजींच्या विहारात सोबत चालणारा विहार सेवा गट. नोकरदारांचा रविवार गट. घरचे काम आटोपून दुपारी दोन तास देऊ शकणाऱ्या भगिनींचा गट. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारा विद्यार्थ्यांचा गट. रुग्णालयात सोबतीला जाणारा आणि रक्तदात्यांची यादी ठेवणारा गट. जे ठाणे, मुलुंड वा परदेशी राहावयास गेले, त्यांच्यासाठी दूरध्वनीवरून मार्गदर्शन करणारा गट. ज्याचा जसा वेळ, तसे त्याचे काम. एकाच पन्ह्याचे कापड ठेवणाऱ्या दुकानातून गिऱ्हाईक परत जाते, तेव्हा दोष गिऱ्हाइकाचा नसतो.

काही ज्येष्ठांना भीती वाटते की, गट वाढले तर फूट पडेल. ही भीती अनाठायी नाही. म्हणून चार नियम आधीच ठरवावेत. पहिला, गटाची वेगळी नोंदणी वा वेगळे बँक खाते नसावे. पावतीपुस्तक ट्रस्टचेच आणि लेखापरीक्षणही एकच. दुसरा, नव्या माणसाला आधी काम द्यावे; वर्गणीचा विषय सहा महिन्यांनी काढावा. तिसरा, एखाद्या गटाचे काम संपले, तर तो बंद करण्यात कमीपणा मानू नये. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीत मताच्या अधिकारासह असावा. तरुणांकडून केवळ सतरंज्या उचलून घेतल्या आणि निर्णय आपणच केले, तर हे गट वर्षभरही टिकणार नाहीत.

बंधू-भगिनींनो, प्रतिनिधी यावयाचे तर जागा रिकाम्या व्हावयास हव्यात. दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी मी माझ्यापासून आरंभ करतो. कार्यकारिणीतील माझ्या स्थानाचा राजीनामा मी आजच अध्यक्ष महोदयांकडे दिला आहे. त्या जागी तिशीच्या आतील व्यक्ती यावी, एवढीच विनंती. मला कामाचा कंटाळा आलेला नाही. रविवार गट स्थापन झाल्यास त्याचा हिशेब लिहिण्याचे काम मला द्यावे. बी.कॉम.चे शिक्षण तेवढे तरी उपयोगी पडेल!

ज्या तरुणाला मी अर्ज दाखवून परत पाठविले, त्याच्या घरी मी मागील आठवड्यात गेलो होतो. तो आज या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्यापाशी, आणि माझ्या बोलण्याने वा वागण्याने ज्यांचे मन दुखावले असेल त्या सर्वांपाशी, मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!