‘श्यामची आई’ – चला, मुलांना वाचून दाखवूया

(यंदाच्या उत्सवातील कौटुंबिक कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल आभारी आहे. मी डिप्लोमा करून रेल्वेत आलेला माणूस, साहित्यिक नव्हे. पण आमच्या कॉलनीत चाललेल्या एका छोट्या उपक्रमाविषयी सांगावेसे वाटते.

२४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. १८९९ साली कोकणातल्या पालगडला त्यांचा जन्म झाला. गेल्या वर्षी त्या दिवशी आम्ही पाच-सहा कुटुंबे एका घरी जमलो आणि मुलांना ‘श्यामची आई’ मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. आता दर रविवारी संध्याकाळी एक ‘रात्र’ वाचतो. या पुस्तकात प्रकरणांना रात्रीच म्हटले आहे. आश्रमातले सोबती प्रार्थनेनंतर बसतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळातच ऐकण्याचे आहे! त्यातला बहुतेक भाग गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला.

आपल्या जबलपूरच्या मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी, खेळणे-भांडणे हिंदीत. लिपी एकच, त्यामुळे मराठी वाचता येते असे वाटते. पण रूळ तेच असले तरी गाडी वेगळी आहे. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ निराळा, हे छापील अक्षर सांगत नाही. ते कानालाच कळते. म्हणून आधी आजी-आजोबा वाचतात, मग मुले एकेक परिच्छेद वाचतात. अडखळले तरी मध्ये टोकायचे नाही, आणि शेवटी तात्पर्य विचारायचे नाही, एवढे दोनच नियम.

पोहायला घाबरणारा श्याम मुलांना लगेच आपला वाटला. मात्र एका रविवारी वेगळेच घडले. एका वृद्ध महार बाईची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “मदत केली, तर मग आंघोळ कशाला?” आम्ही मोठी माणसे गप्प! शेवटी एक आजी म्हणाल्या, “त्या काळी त्या माउलीला जेवढे जमले तेवढे तिने केले. पुढचे मुलाने केले.” मग आम्ही मुलांना सांगितले की, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून याच श्यामने मे १९४७ मध्ये उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. नुसते तात्पर्य सांगितले असते, तर हा प्रश्न आलाच नसता.

आता शेजारची दोन हिंदी भाषक मुलेही येऊन बसतात. गुरुजींना हे आवडलेच असते. तमिळमधील ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले, आणि १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली.

या उपक्रमाला वर्गणी नको, मंडप नको. एक पुस्तक, एक सतरंजी आणि अर्धा तास पुरे. येत्या २४ डिसेंबरला प्रत्येक कॉलनीत निदान एका घरी असे वाचन सुरू व्हावे, अशी विद्येच्या देवतेच्या साक्षीने आपणां सर्वांना विनंती करतो.

गणपती बाप्पा मोरया!