गवत हे पीक नव्हे

आज पदवीधर होत असलेल्या विद्यार्थिमित्रहो,

तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. हा विधी मी एका वाक्यात उरकला याबद्दल राग मानू नये; तुमच्या आईवडिलांनी तो घरी अधिक चांगल्या रीतीने पार पाडला असेलच, आणि मला तुम्हाला इंदापूरच्या माळापर्यंत न्यायचे असल्याने वाट लांबची आहे.

फादर रेक्टरांच्या निमंत्रणासोबत एक माहितीपत्रक आले होते. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २०१५ साली प्रसिद्ध झाल्यापासून कॅथलिक शिक्षणसंस्थांमध्ये सृष्टीच्या रक्षणाचा विचार श्रद्धेचा भाग म्हणून होऊ लागला, आणि त्याला अनुसरून आपल्या संस्थेने बारामतीच्या जिरायत पट्ट्यातील 'पडीक' जमिनीवर या पावसाळ्यात रोपे लावण्याचा संकल्प सोडला आहे, असे त्यात वाचले. संकल्पामागची भावना निर्मळ आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. माझे भांडण आहे ते त्यातील 'पडीक' या एका शब्दाशी, आणि ते भांडण तुमच्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

मी मूळचा नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या चारीवरचा. १९६३ साली वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी मुंबईस सेंट झेवियर्समध्ये दाखल झालो, तेव्हा फादर सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख होऊन कलकत्त्यास गेले होते. त्यांचे दर्शन घडले नाही ते नाहीच. पण ब्लाटर हर्बेरियमची कपाटे होती. डांबरगोळ्यांचा वास, पिवळट जाड कागद, त्यावर दोऱ्याने टाचलेली गवताची काडी आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. फादर ब्लाटर हे स्वित्झर्लंडमधून आलेले जेझुइट. मॅकॅन यांच्यासह त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला, आणि तो पाहण्यास ते हयात नव्हते, कारण त्यांचे निधन त्याच्या आदल्या वर्षी झाले. आमच्या घरी जे वैरण म्हणून गव्हाणीत पडे, जे आई पहाटे विळ्याने कापून आणी, त्याच्यासाठी कुणा साधुपुरुषाने आयुष्य वेचावे, याचा मला पहिल्या दिवशी अचंबा वाटला, आणि खरे सांगायचे तर थोडे हसूही आले.

पुढे सरकारी नोकरी लागली. खाते कोणते ते सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे. माझ्याकडे इंदापूर तालुक्यातील पडीक जमिनींची पाहणी सोपवण्यात आली. मी तरुण होतो आणि हर्बेरियमचा वास अंगाला होता. म्हणून महिनाभर पायपीट करून, दफ्तरात पडीक, गायरान, पोटखराबा अशा नावांनी नोंदलेल्या माळांवर पवना, मारवेल, अंजन, कुसळी अशी गवते किती आणि कशी आहेत, चिंकारे कोठे चरतात, मेंढ्यांचे कळप कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने येतात, याचा तपशीलवार मसुदा तयार करून मी तो मोठ्या उमेदीने वर पाठवला. आठ दिवसांनी तो परत आला. समासात तांबड्या शाईने शेरा होता: 'गवत हे पीक नव्हे. रोपांची संख्या कळवावी.'

तेव्हा रोपांची संख्या कळवली. खड्डे मारताना माळाचे तळवट उखडले गेले, त्यात आधी निलगिरी आणि मग सुबाभूळ लावली गेली, हजेरीपटावर अंगठे उठले, पाहुण्यांचे हार झाले. साधारण वीस इंच पावसाच्या आणि बोटभर मुरमाच्या त्या जमिनीत होळीपर्यंत काटक्या उरल्या. आणि पुढच्या वर्षी नवे उद्दिष्ट आल्यावर आमच्या मुकादमाने असा शहाणपणा केला की त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे ठेवली. एकाच खड्ड्यात तीन वर्षे तीन रोपे लागल्याची नोंद मी स्वतःच्या सहीने केलेली आहे. ही कबुली कोठेतरी द्यायचीच होती, ती चर्चच्या संस्थेत दिलेली बरी.

१९७२चा दुष्काळ आला, आणि त्याच माळावर हजारो माणसे सुकडी व मिलो खाऊन खडी फोडू लागली. त्या उन्हाळ्यात भेटलेला एक वृद्ध धनगर मला विसरता येत नाही. रात्री लांडग्याने त्याचे कोकरू उचलले होते. मी सरकारी सवयीने पंचनाम्याची गोष्ट काढली, तर तो तंबाखू मळत म्हणाला, "त्याचाबी वाटा असतोय की साहेब. त्यो हाय तवर माळ हाय." असिसीच्या संत फ्रान्सिसांनी गुब्बियो गावाच्या लांडग्याशी तह केल्याची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल, मी ती झेवियर्समध्ये ऐकली होती, पण तहाची कलमे मला त्या दिवशी समजली. माझ्या पाहणीतल्या प्रत्येक गवताचे नाव त्या माणसाला ठाऊक होते. कोणते मेंढीला आषाढात बाधते आणि कोणते पौषात दूध वाढवते, हे तर ब्लाटरांच्या कपाटातही नव्हते.

येथे दुसऱ्या एका स्विस जेझुइटाचे नाव न घेणे कृतघ्नपणाचे होईल. फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात जी पाणलोटाची चळवळ उभी केली, जिच्यातून १९९३ साली 'वॉटर' ही संस्था निघाली, तिने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवून उजाड गावे कशी सावरली, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझे त्यांच्या पद्धतीशी एका बाबतीत पटत नसे: चराईबंदीचा पहिला भार नेहमी बिनजमिनीच्या मेंढपाळावर पडतो. पण ती कामे गावसभेत बसून, श्रमदान मागून, माणसांना विचारून होत होती. आमच्याकडे फक्त उद्दिष्ट विचारले जाई.

आणि ज्या जमिनीला दफ्तराने बागायत म्हणून मानाचे पान दिले, तिचे काय झाले? नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. पाणी थोड्यांच्या उसात मुरून जाऊ नये, ते गावोगाव बेताने फिरावे, म्हणून विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली; आणि तरीही १९१० साली हॅरल्ड मान व तम्हाणे या कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पंचवीस वर्षे पुरली. पाण्याला निचऱ्याची वाट न देता त्याचा मारा होत राहिला की भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे उरते. आमचे अडीच एकर असेच चोपण झाले. हिवाळ्याच्या सकाळी वाफ्यांवर पीठ सांडल्यासारखा थर दिसे. मी सहा वर्षांचा असेन, बोटाने उचलून चाखला, आणि वडिलांनी पहिल्यांदा माझ्या थोबाडीत मारली. ते मीठ त्यांच्या दृष्टीने आमच्या घराचे होते, चाखण्याचे नव्हते. सातबाऱ्यावर ती जमीन पुढेही कित्येक वर्षे 'बागायत' होती, आणि बांधापलीकडचा माळ, ज्यावर आमची चार जनावरे जगली, तो 'पडीक'.

तेव्हा माझी विनंती एवढीच, आणि ती मी वयाचा अधिकार वापरून दोनदा करणार आहे: ज्या जमिनीला कागदाने पडीक म्हटले आहे तिच्यावर, चारही ऋतूंत एकेकदा पायी फिरल्यावाचून, कुदळ चालवू नका. तुमच्यापैकी कोणी तहसीलदार होईल, कोणी सौरऊर्जेच्या कंपनीत जाईल, कोणी संस्थेच्या विश्वस्तपदी बसेल. प्रत्येकाच्या मेजावर केव्हा ना केव्हा तो शब्द सहीसाठी येईल. चारही ऋतूंत, पायी. झाडे लावायचीच असतील तर ओढ्याकाठी लावा, विहिरीवर लावा, शाळेच्या आवारात लावा; चिंकाऱ्याला दूरवर दिसावे लागते, त्याला तुमची सावली नको आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले ते पाच चौरस किलोमीटरांहून किंचित मोठे. अलीकडे वनखात्याने इंदापुरात कडबनवाडीस आणि बारामतीत शिर्सुफळास गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली, आणि आता पुण्याचे लोक पैसे मोजून लांडगा पाहायला येतात. तांबड्या शाईचे ते साहेब आज असते तर त्यांनी तिकिटांची संख्या कळवावी असा शेरा मारला असता.

फादर, संकल्पाचा पुनर्विचार व्हावा म्हणून मी अर्ज लिहून आणलेला नाही. आमच्या बांधावरच्या पाच गवतांची जुडी आणली आहे. चहाच्या वेळी ती मेजावर ठेवतो, ज्याला जितकी ओळखता येतील त्याने तितकी ओळखावी. त्यातल्या कुसळीवर थेंबभर पाणी टाकून पाहा: तिची पिळलेली शेपटी ओल लागताच उलगडत गरगर फिरते, कारण बियाला मातीत भोक पाडायचे असते. फक्त हे लांब झगे आधी उतरवून ठेवा. एकदा का ती कापडात शिरली, की घरी जाईपर्यंत निघायची नाही.