भिंत मालकाची, बिल भाडेकरूचे



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या कायद्याच्या पुस्तकांतून. असा माणूस आज विलायतेतील भाड्याच्या घरांविषयी काय बोलणार, असे कोणी विचारील. पण लढून मिळवलेली पगारवाढ बिलात वाहून जाते, हा अनुभव सगळीकडच्या कामगाराचा आहे. विलायतेत तो हिवाळ्यात येतो.

तेथे थंडीत घर गॅसवर किंवा विजेवर तापवावे लागते. खिडकीला एकेरी काच, माळ्यावर ऊब धरून ठेवणारा थर नाही, अशा घरातली ऊब छपरावाटे निघून जाते. दुरुस्ती कोणी करायची? घर मालकाचे, म्हणून खर्च त्याचा. बिल भाडेकरूचे, म्हणून बचत भाडेकरूची. मालक म्हणतो, ज्याचा फायदा मला नाही त्यात मी पैसे का घालू? भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या भिंतीत मी पैसे का पुरू? हिशेब दोघांचाही बरोबर, आणि घर मात्र थंडच! हा तिढा बाजार सोडवीत नाही; तेथे कायदाच लागतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये असे नियम २०१५ साली झाले. घराला किती ऊर्जा लागते हे पाहून तेथे ‘ए’पासून ‘जी’पर्यंत दर्जा देतात, ‘ए’ सर्वांत चांगला. १ एप्रिल २०१८ पासून ‘ई’च्या खालचे घर नव्या कराराने भाड्याने देण्यास बंदी आली, आणि १ एप्रिल २०२० पासून ती चालू भाडेकरारांनाही लागू झाली. अंमलबजावणी स्थानिक कौन्सिलांकडे दिली, आणि दंड घरामागे जास्तीत जास्त ५,००० पौंड ठेवला.

आता यातल्या पळवाटा पाहा. आरंभी मालकाने स्वतःच्या खिशात हात घालावा अशी सक्तीच नव्हती. ती २०१९ साली आली, तीही ३,५०० पौंडांपर्यंत. तेवढ्यात दर्जा वर आला नाही, तर सवलतीची नोंद करून घर भाड्याने देता येई. एकदोन घरांवर म्हातारपण काढणारे मालकही असतात, हे आम्ही जाणतो. त्यांना स्वस्त कर्ज द्यावे, सरकारी मदत द्यावी. पण थंडीचा भार भाडेकरूवर टाकू नये.

खरी अडचण मात्र निराळीच होती. १९८८ च्या कायद्याने तेथील मालकाला कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर खाली करून मागता येत असे. मग कौन्सिलकडे तक्रार कोण नेणार?

येथे आम्हाला एक जुनी गोष्ट आठवते. एका कारखान्यात प्रेसला जाळी नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे ती असायला हवी होती. इन्स्पेक्टर आले, तेव्हा त्याच प्रेसवरचा हंगामी कामगार म्हणाला, “सारे ठीक आहे.” पुढे त्याचे बोट गेले. आम्ही विचारले, “तेव्हा बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “दादा, बोट गेले तर नऊ राहतात. काम गेले तर काय राहते?”

त्या दिवशी आम्हाला कायदा समजला. ज्याच्यासाठी नियम केला, त्याला न भिता बोलता आले तरच नियम जिवंत. विलायतेच्या संसदेने २०२५ साली ती विनाकारण नोटीस रद्द करणारा कायदा केला. आमच्या मते, घरे उबदार करण्याच्या कामी त्याचे मोल दर्जाच्या अक्षरांहून कमी नाही.

आपल्याकडे प्रश्न थंडीचा नाही, उन्हाचा आहे. वैशाखात पत्र्याच्या खोलीत पंखाही गरम वारा फेकतो. पत्रा मालकाचा आणि विजेचे बिल भाडेकरूचे. घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य आपल्या राज्याच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मालकावर टाकलेच आहे. उद्या त्या कर्तव्यात उन्हाचा विचार यावा असे आपण म्हणू, तेव्हा त्याबरोबर दुसरीही मागणी करावी लागेल: तक्रार करणाऱ्याचे बिऱ्हाड हलता कामा नये.